वेशीबाहेरची सुई

आमच्या गावात कुणाला ताप आला की घरातलं माणूस आधी विचारतं, पेज घेतलीस का, आणि मग विचारतं, मामांकडे जाऊन आलास का. डॉक्टरांचा विषय त्यानंतर निघतो, तोही मुंबईहून कुणाचा फोन आला तर.

मामा म्हणजे माझ्या नवऱ्याचे सख्खे मामा. पण आता ते सगळ्या गावाचे मामा झालेत. त्यांच्याहून वयाने मोठी माणसंही त्यांना मामाच म्हणतात. तरुणपणी ते मुंबईला एका डॉक्टरांच्या दवाखान्यात कामाला होते. काम म्हणजे केर काढायचा, औषधाच्या बाटल्या धुवायच्या, पेशंटांना नंबराने आत सोडायचं. पडद्याआडून बघून बघून ते सुई द्यायला शिकले. गावी परतले तेव्हा ट्रंकेत सुयांचा एक स्टीलचा डबा होता, आणि पुढचं सगळं आयुष्य त्यांनी त्या डब्याबरोबर काढलं. मामी लवकर गेल्या, मुलगी लग्न होऊन लांब गेली. मामा एकटे राहतात, आपलं आपण रांधून जेवतात, आणि कुणी हाक मारली की डबा काखेत मारून निघतात. बदल्यात काही मागत नाहीत. कुणी वाटीभर सुंगटं, म्हणजे कोलंबी, आणून दिली तर तेवढी घेतात.

इतका सालस माणूस मी दुसरा पाहिला नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी त्यांच्यावर बरीच तापणार आहे.

मामांची ख्याती एकाच गोष्टीची. हात हलका. सुई टोचली ते कळतसुद्धा नाही, असं गावातली बायामाणसं एकमेकींना सांगतात, जशी एखादी सांगते की अमकीच्या हातचं तिरफळाचं सार चाखून बघ. आमच्याकडे समज असा की गोळ्या या मनाच्या समाधानासाठी. खरं औषध म्हणजे सुई. आणि सुई घ्यायची तर ज्याचा हात हलका त्याच्याकडून घ्यायची. त्या सुईत काय भरलंय, ती अंगात कुठे जायला हवी, आणि दिल्यावर माणसाला गरगरलं तर काय करायचं, हे प्रश्न कुणाच्या डोक्यात येत नाहीत.

माझ्या यायचे. मी शिवणकाम करते. पिंगुळीहून लग्न होऊन या गावात आले तेव्हा सासरच्यांनी ओसरीवर मशीन ठेवायला जागा दिली, ती आजतागायत माझी आहे. ब्लाउज शिवणारीचा हात कितीही हलका असो, कापडावर कात्री चुकीच्या जागी चालली की ब्लाउज गेला. हे मी चारदा बोलून दाखवलं. लोक हसले आणि म्हणाले, ह्या बायेचा तोंड बघा. माझ्या तोंडाला गाव वचकून असतं, फक्त नवरा सोडून. त्याला सवय झाली आहे.

आता नवऱ्याबद्दल. आंब्याची कलमं आणि माडांची बाग सांभाळणारा हा गडी. घरात साप शिरला तर काठीवर उचलून शांतपणे परसात सोडून येईल, पण सुई म्हटली की पाचावर धारण बसते. आमच्या मुलीला लहानपणी लस द्यायची होती तेव्हा हा दवाखान्याबाहेर तोंड फिरवून उभा होता, आणि आत मुलगी रडली तशी बाहेर याच्या डोळ्यांना पाणी आलं. अशा माणसाला कुत्रा चावावा, हे नशीब म्हणायचं.

कुत्रा कसला, पिल्लू होतं. खाडीकाठच्या पुळणीवरून भटकत आमच्या वाडीत आलं होतं आणि दिसेल त्याच्या अंगावर जात होतं. नवरा बागेला पाणी लावून येत होता, त्याच्या पोटरीला त्याने दात लावले. चांगलं रक्त आलं. हा घरी आला, चुन्याचं बोट फिरवलं, वर पायजमा ओढला आणि चहा मागितला. मला कळलं ते पायजम्याला डाग दिसला म्हणून. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच पावली त्याला स्कूटरवर मागे बसवला आणि तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नेला.

तिथली सिस्टर माझ्या ओळखीची. तिचे ब्लाउज मीच शिवते. तिने आधी नळाखाली साबणाने त्याचा पाय इतका वेळ धुतला की तो म्हणाला, गो, ह्या काय कपडे धुतंत? मग डॉक्टरांनी बघितलं, जखमेच्या आजूबाजूला औषध टोचलं, आणि सिस्टरने दंडात लस दिली. नवऱ्याने माझा हात असा आवळला की माझ्या बांगड्या रुतल्या. पुढच्या तारखा तिने कार्डावर लिहून दिल्या आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की एकही चुकवायची नाही, कारण हा रोग एकदा उठला की त्यावर औषध नाही. ते पिल्लू नंतर कुठे दिसलंही नाही. जगलं का मेलं ते कळायला मार्ग नव्हता.

दुसरी लसही नीट झाली. तिसरीची तारीख बघितली आणि मी कपाळावर हात मारला. नेमकी गावपळणीतली.

बाहेरच्यांना सांगायला हवं. आमच्या गावात काही वर्षांनी एकदा, देवदिवाळीनंतर, देवाचा कौल झाला की सगळं गाव वेशीबाहेर जातं. सगळं म्हणजे सगळं. माणसं, गुरं, कोंबड्या, मांजरं, पाळण्यातली पोरं. घरांना कड्या लागतात. तीन रात्री गावात चिटपाखरू राहत नाही. आम्ही वेशीपलीकडे खाडीच्या काठाला माडाच्या झापांच्या राहुट्या उभारतो, तीन दगडांवर चुली पेटवतो, भजन करतो, पत्ते कुटतो, मासे खातो. एरवी एकमेकांच्या बांधावरून भांडणारे शेजारी एका चुलीवर चहा करतात. देवाने परत जायचा कौल दिला की मग घरी. मला विचाराल तर पंधरा दिवसांच्या माहेरपणातही नसतं एवढं सुख त्या तीन दिवसांत मिळतं, कारण सगळ्यांच्याच घरचा पसारा मागे राहिलेला असतो.

पण त्या दिवसांत गावात पाऊल ठेवता येत नाही, आणि तालुक्याचा रस्ता आमच्या गावातूनच जातो. आदल्या दिवशी राहुट्या उभारताना मी म्हटलं, लांबचा वळसा घालू. नवऱ्याचा चेहरा पडला. आणि तिथेच मामांनी घात केला. म्हणाले, वळसो कित्याक घालतास, मेडिकलातून लस आणून ठेव, मी हयसरच देतंय. नवऱ्याचा चेहरा असा उजळला की त्याला विरोध करायला माझंही मन धजेना. तरी मी केला. एवढी मोठी तक्रार केली की आजूबाजूला राहुट्या उभारणारी माणसं काम टाकून आली. पण ती आली आणि मामांच्याच बाजूने उभी राहिली. मामांच्या हातची सुई सोडून दवाखान्यात जायचं म्हणजे आमच्या लोकांना घरचा भात टाकून हॉटेलात जाण्यासारखं वाटतं. मी एकटी पडले. गाव सोडायच्या आधी नवऱ्याने माझ्या नकळत लस आणलीसुद्धा.

राहुटीतला दुसरा दिवस. मी दुपारच्या कालवणासाठी बांगडे काढायला गेले. मासे आम्ही थर्माकोलच्या पेटीत बर्फ घालून आणले होते. उन्हाने बर्फ कधीच विरघळला होता. कोमट लालसर पाण्यात बांगडे पोटं वर करून पडलेले, आणि त्यांच्यात एक पिशवी तरंगत होती. मला वाटलं कोकमं. उघडली तर आत भिजून लगदा झालेला खोका आणि त्यात लशीची बाटली.

ही थंड राहावी म्हणून माझ्या नवऱ्याने ती बांगड्यांत ठेवली होती. बर्फात ठेवा असं मेडिकलवाल्याने सांगितलं, बर्फ तर आमच्याकडे होताच. आमच्या गावात कुठलीही गोष्ट थंड ठेवायची तर माशांच्या पेटीत ठेवतात. बिअरपासून आयस्क्रीमपर्यंत. तिथे लस का नाही? मी ती बाटली हातात घेतली तेव्हा ती माझ्या हातापेक्षा गरम होती, आणि तिला बांगड्याचा वास येत होता.

मी ती घेऊन तरातरा बाहेर गेले तर पुढचा देखावा तयार. राहुटीच्या सावलीत चटईवर माझा नवरा पालथा झोपलेला. लुंगी सैल केलेली, अर्धी कंबर उघडी, डोळे घट्ट मिटलेले. बाजूला मामा, पांढरा शर्ट घालून, कापसाला स्पिरिट लावत. आणि भोवती अर्धं गाव. पत्ते टाकून माणसं आली होती. कुणी लांबून सल्ला देत होतं की श्वास सोड रे, घट्ट धरू नको. कुणी म्हणत होतं, मामांचो हात आसा, तुका कळाचा नाय. एवढी गर्दी आमच्याकडे दशावताराच्या नाटकालाच बघितली आहे मी.

मी बाटली सगळ्यांच्या नाकासमोरून फिरवली. वास घ्या म्हटलं. कुणालाही त्यात काही वावगं दिसलं नाही. एकजण म्हणाला, आतलं औषध बंद बाटलीतलं, बांगड्याचा वास आत कसा जाईल? वासाचं नाही ओ, म्हटलं, ती गरम झालीय. मामा शांतपणे म्हणाले की हातात चोळून आपण दुसऱ्या औषधांच्या बाटल्या गरमच करून घेतो, त्याने काही बिघडत नाही. मग मी दुसरा प्रश्न काढला. दवाखान्यात दोन्ही वेळा दंडात दिली होती, मग हा कंबर उघडून का पडलाय?

"कुत्र्याची सुई आमी कंबरेतच देतंव गो," मामा म्हणाले. "दंडात दुखता. कंबरेत मांस आसा, माणसाक त्रास होणा नाय."

त्या क्षणी माझा राग गेला आणि मला भीती वाटली. मामा खोटं बोलत नव्हते, फसवत नव्हते. माझ्या नवऱ्याला दुखू नये एवढंच त्यांना हवं होतं. आणि त्या मायेने ते त्याला अशी सुई देणार होते की जिचा उपयोग आहे का नाही ते तिथे जमलेल्या एकाही माणसाला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. माझा जीव चटईवर पालथा पडला होता आणि मी नुसती कंबरेवर हात ठेवून भांडत होते.

मी भांडण सोडलं आणि फोन काढला. आमच्या राहुट्यांवर रेंज नव्हती, खाडीकडच्या कातळावर यायची. सगळ्यांना तिथे चला म्हटलं. नवरा लुंगी सावरत आला, मामा कापूस हातात धरून आले, मागून बाकीचे. सिस्टरला फोन लावला आणि आवाज मोठा केला, म्हणजे मी मनचं सांगितलं असं कुणी म्हणायला नको.

सिस्टरने मला मध्येच थांबवलं. "वहिनी, ती बाटली फेकून द्या. लस गरम झाली की तिच्यात काही उरत नाही, नुसतं पाणी टोचल्यासारखं होतं. आणि रेबीजची लस कंबरेत द्यायची नसते. तिथे चरबी असते, लस लागू पडत नाही. शिवाय चुकीच्या जागी सुई गेली तर पायाची शीर दुखावते ती वेगळीच. आजच्या आज इकडे या. तारीख आहे ना आज?"

पत्ते टाकून आलेला एकजण पुटपुटला की एवढी वर्षं तर सगळे बरेच झाले. सिस्टरने ते ऐकलं. ती म्हणाली, चावलेलं कुत्रं पिसाळलेलं नसेल तर माणूस काही न घेताही बराच राहतो. पिसाळलेलं असेल तेव्हाच लशीची परीक्षा असते, आणि तेव्हा नापास झालेला माणूस परत येत नाही.

मामांच्या हातातला कापूस वाळून गेला होता. ते त्याच्याकडे बघत उभे होते.

आता जायचं कसं? गावातून रस्ता बंद, वळशाच्या रस्त्याने आमची जुनी स्कूटर पोचली असती का शंकाच होती. शेजारच्या राहुटीतल्या एका मच्छीमाराने प्रश्न सोडवला. त्याची होडी काठाला बांधलेली होती. खाडी ओलांडली की पलीकडून रिक्षा मिळते, म्हणाला. आम्ही दोघं होडीत बसलो. आणि बघतो तर मामा पाण्यात उतरून येताहेत, लुंगी गुडघ्यापर्यंत धरून. मीही येतो म्हणाले. मला वाटलं, सिस्टरशी वाद घालायला येताहेत. मी मनातल्या मनात उत्तरं जुळवून ठेवली.

त्या होडीतून जाताना मजा आली, हे कबूल करायलाच हवं. डावीकडे आमचं गाव रिकामं पडलेलं दिसत होतं. घरांवर धूर नाही, चढणीच्या घाटीवर माणूस नाही. माझा नवरा भीती विसरून आपली बाग कुठली ते मला दाखवत होता, जणू मी पहिल्यांदाच बघतेय. होडीवाला म्हणाला, कुत्र्याच्या सुईसाठी होडीतून जाणारे तुम्ही पहिलेच. मी हसले. मामा मात्र एका बाजूला पाण्याकडे बघत बसले होते. नेहमी कुणीतरी काहीतरी बोलावं आणि त्यांनी त्यावर मान डोलवावी, तीही डोलवली नाही.

दवाखान्यात सिस्टर वाटच बघत होती. तिने फ्रीज उघडला, बाटली काढली, तारीख बघितली, सुई नवी काढली, आणि प्रत्येक गोष्ट करताना मामांना दिसेल अशी केली. मला ते आवडलं. मुद्दाम त्यांना खिजवायला नाही, समजावं म्हणून. नवऱ्याने डोळे मिटले. मी त्याचा हात धरला. झालं. त्याने एक डोळा उघडून विचारलं, झाला? झाला म्हटलं. मग त्याने असा सुस्कारा सोडला की सिस्टरलाही हसू आलं. मी तिथेच बाकावर बसले आणि मला रडू आलं. माझ्यासारख्या तोंडाळ बाईला रडू आलं म्हणून नवरा घाबरला आणि म्हणाला, अगो, सुई माका दिली, तू कित्याक रडतंस?

मी डोळे पुसून वर बघितलं तर मामांनी खुर्ची ओढली होती आणि ते लुंगी वर करत होते. नडगीच्या बाजूला दातांच्या खुणा होत्या. खपली धरलेल्या, पण दात दातच.

"माका पण त्याच पिल्लान चावल्यान," ते सिस्टरला म्हणाले. "माझी सुई मीच घेतलंय. कंबरेत. बाटली घरात पाण्याच्या मडक्याबाजूक ठेवलेली."

आमच्यापैकी कुणालाही त्यांनी सांगितलं नव्हतं. सांगायचं कुणाला? घरात विचारणारं कोण होतं? ते पिल्लू त्यांच्याच पडवीत झोपायचं, ते त्याला बिस्किट घालायचे, आणि एक दिवस हात मागे घेताना चुकून पाय पुढे गेला. गावातल्या कुणाला चावलं असतं तर तो त्यांच्याकडे आला असता. त्यांना चावलं तर ते स्वतःकडेच गेले. मी जी उत्तरं जुळवून ठेवली होती त्यातलं एकही कामाला आलं नाही. मला त्यांचा भयंकर राग आला आणि त्यांना पोटाशी धरावंसं वाटलं, दोन्ही एकदमच.

सिस्टर एक शब्द वावगा बोलली नाही. पाय नळाखाली धरला, साबणाने धुतला. डॉक्टर आले, त्यांनी सगळं विचारलं, आणि सांगितलं की आधी घेतलेलं काही धरायचं नाही, पहिल्यापासून सुरुवात. उशीर झालाय, पण वेळ गेलेली नाही. मग सिस्टर म्हणाली, काका, या. मामा उठले आणि सवयीने पाठ करून लुंगीच्या गाठीला हात घातला. सिस्टर म्हणाली, काका, दंड. आम्ही सगळेच हसलो, मामाही. मग ते बसले, बाही वर केली आणि एकदम लहान तोंड करून मला म्हणाले, "चेडवा, जरा हात दी गो माका."

एवढ्या वर्षांत किती जणांना त्यांनी सांगितलं असेल की भियाव नको, कळणार नाही. मी त्यांचा हात धरला. कुणीतरी आपल्याला सुई देतंय असा प्रसंग त्यांच्यावर मुंबईच्या दवाखान्यात पडद्याआड उभं राहायला लागल्यापासून बहुतेक आलाच नव्हता. सुई झाल्यावर त्यांनी सिस्टरला विचारलं की दंडात नेमकी कुठे दिलीस, कंबरेत का नाही, बाटली कितपत थंड लागते, माणसाला गरगरलं तर तू काय केलं असतंस. तिने सगळं सांगितलं. शिकून घ्यायला तिला वर्षं लागली होती, हेही सांगितलं. मामा मान डोलवत ऐकत होते. शेवटी त्यांनी एक प्रश्न विचारला. आपण आजवर कुत्रा चावलेल्या ज्यांना ज्यांना कंबरेत सुई दिली, त्यांचं काय? सिस्टर म्हणाली, त्यांना इकडे पाठवा. काय करायचं ते डॉक्टर ठरवतील.

परतीच्या होडीत ते बोटांवर काहीतरी मोजत होते. मी विचारलं नाही. काठाला लागलो तेव्हा ऊन उतरलं होतं आणि चुली पेटायला लागल्या होत्या. नवऱ्याला बघून सगळ्यांनी गलका केला, कुणी चहा आणला, कुणी थट्टा केली. मामा चहाला थांबले नाहीत. ते पहिल्या राहुटीपाशी गेले.

एरवी गावात हे जमलं नसतं. आमची घरं बागांत लांब लांब, एका घरून दुसरीकडे जायला अर्धा डोंगर चढावा लागतो. पण त्या दिवशी सगळं गाव खाडीच्या काठाला एका रांगेत बसलेलं होतं. मामा प्रत्येक राहुटीपुढे उभे राहिले. तुका कुत्रो चावलेलो, मी सुई दिल्लंय, ती चुकीची होती, उद्या दवाखान्यात जाऊन दाखव, असं सांगितलं आणि पुढे गेले. मी त्यांच्या मागे चालत होते. न जाणो, पाय दुखेल, कुणी उलट बोलेल. कुणी उलट बोललं नाही. काहीजण हसले, त्यांना वाटलं मामा गंमत करताहेत. मामा हसले नाहीत. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, समोरचा गंभीर होईपर्यंत.

शेवटच्या राहुटीत एक म्हातारी होती. तिला कुत्रा चावला नव्हता. तिची कंबर धरली होती आणि ती सकाळपासून मामांची वाट बघत होती. औषधाची बाटली तिने पदराला बांधून ठेवली होती. ती सोडून तिने मामांच्या हातात दिली आणि चटईवर पालथी होऊ लागली.

मामांनी ती बाटली परत तिच्या पदराला बांधली, नीट गाठ मारून. तिला कळेना. काय चुकलं का माझं, म्हणाली. आता देणार नाही का सुई?

"नाय गो आये," मामा म्हणाले. "माका ता येणा नाय."

साऱ्या गावाला सुया दिलेला माणूस सगळ्या गावासमोर ताठ उभा राहून हे बोलला. मी जन्मात कधी कुणाच्या पाया पटकन पडत नाही. त्या दिवशी तिथल्या तिथे वाळूत वाकले आणि त्यांच्या पाया पडले.